खोटं कुणासाठी बोलता?

आमचे घरमालक खोली देण्याआधी आधार कार्ड मागायचे नाहीत. पडेगावातल्या घराच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून समोरच्याला एकच प्रश्न विचारायचे, "खोटं कुणासाठी बोलता?"

मला विचारलं तेव्हा माझ्यासोबत आई होती आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. आम्ही लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं आलो होतो. वाळूजच्या एका कारखान्यात मला शिकाऊ म्हणून घेतलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं आणि खोली त्याच दिवशी मिळायला हवी होती. मी रात्रभर झोपले नव्हते. अण्णांनी टोपी नीट केली आणि छाती पुढं काढून म्हणाले, "आमची पोरगी खोटं बोलत नाय, साहेब."

"मग खोली नाही," घरमालक म्हणाले आणि उठायलाच लागले.

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. तेवढ्यात आई म्हणाली, "बसा हो, उठू नका. बोलती की. घरच्या माणसासाठी बोलती. चुलतभावानं मोटरसायकल पाडली, दिवा फोडला, तर म्हनली मी पाडली. हाग्या मार खाल्ला पण त्याचं नाव सांगितलं नाय. अजून कुणासाठी बोलनार?"

घरमालक परत बसले. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "वरची डावी खोली. पाणी सकाळी सहा ते साडेसहा. साडेसहा म्हणजे साडेसहा."

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "येडं हाय का काय हे?" आई म्हणाली, "येडं असंल, पर घर सोच्छ हाय." त्या दोन वाक्यांत घरमालकांचं बरंचसं वर्णन झालं. उरलेलं समजायला मला सव्वा वर्ष लागलं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक व्हर्नियर असायचा. वस्तूची जाडी मोजायचं ते स्टीलचं साधन लोक कारखान्यात ठेवून घरी येतात. हे निवृत्त होताना घेऊन आले होते. त्यांनी तीस-बत्तीस वर्षं पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेसच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. तो कारखाना बंद पडला, पण तपासणी चालूच राहिली. चपलेचा तळ किती झिजला, दाराच्या कडीचा खिळा किती बाहेर आला, सगळं मोजलं जायचं. भाकरीसुद्धा. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "लोकांच्या सुनांना सासू असते, मला हे आहेत."

सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणायचे. मला, दूधवाल्याला, आणि भिंतीवरून उतरणाऱ्या मांजरालाही. "तुम्ही आत येऊ नका, तुमचे पाय ओले आहेत," असं ते मांजराला गंभीरपणे सांगत असताना मी एकदा जिन्यात तोंडावर ओढणी धरून बसले होते.

मी मुळात काळजीखोर. कुलूप लावून गल्लीच्या टोकाला जायचं आणि परत येऊन ओढून बघायचं, हा माझा रोजचा कार्यक्रम. पहिल्या आठवड्यात घरमालकांनी ते पाहिलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "दोनदा बघता ते बरं आहे. पण दुसऱ्यांदा बघताना तुम्ही कुलूप बघत नाही, काळजी बघता." हे मला पटलं आणि आवडलं नाही.

त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. आसपासच्या कुणालाही नोकरी लागली, की तो नेमणुकीचं पत्र घेऊन त्यांच्याकडे यायचा. कुणी पाठवायचं असं नाही. एकाचं बघून दुसरा यायचा. घरमालक पत्र वाचायचेच नाहीत. जुन्या दिनदर्शिकेचं पान फाडायचे, मागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारायचे, डावीकडे लिहायचे 'आमच्यात' आणि उजवीकडे 'त्यांच्यात'. मग प्रश्न सुरू व्हायचे. पाहुणा आला की पाणी कोण देतं? मोठ्या माणसानं चूक केली तर त्याला कोण सांगतं? का कुणीच सांगत नाही? 'नाही' म्हणायचं असेल तर 'नाही' म्हणता की 'बघू' म्हणता? उशीर झाला तर आधी कारण सांगता की आधी माफी मागता? आणि शेवटचा, तो ठरलेला: खोटं कुणासाठी बोलता?

डावी बाजू त्यांच्यासमोर बसून भरायची. उजवी बाजू घरात बसून भरायला त्यांची परवानगी नव्हती. त्यासाठी कारखान्याच्या गेटवर जायचं, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि पाळी सुटताना माणसं बघायची. ते स्वतः जुन्या स्कूटरवरून सोबत यायचे. "कंपनी आतून सगळ्या सारख्या," ते म्हणायचे. "गेटवर कळतं. सुपरवायझर बाहेर आला की पोरं बोलायची थांबतात का बघा. डबा कुणासोबत खाऊन आलेत ते विचारा. उरलेली भाजी घरी परत जाते का तिथंच संपते ते विचारा." टपरीवाला त्यांना ओळखत होता. त्याला वाटायचं हे युनियनचे जुने पुढारी आहेत.

एवढं करून ते सल्ला द्यायचे नाहीत. दोन्ही बाजू भरून झाल्या की कागद उलट करून समोरच्याच्या हातात द्यायचे. "काका, मग घेऊ का नोकरी?" असं विचारलं, की म्हणायचे, "मला काय माहीत? मी मोजून दिलं." लोक चिडायचे. एकाचे वडील तर ओरडले होते, की सकाळपासून बसवलं ते काय चहा प्यायला? आम्ही सगळ्यांनी आपापला अर्थ काढला होता, की दोन्ही बाजू जुळल्या तर नोकरी घ्यायची आणि नाही जुळल्या तर सोडायची. सरळ हिशेब आहे. यापलीकडे त्यात काही असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

माझ्याआधी त्या खोलीत सिल्लोडचा एक मुलगा राहायचा. त्याला बंगळुरूला नोकरी लागली. त्याच्या घरी सातही माणसं एका परातीत जेवायची. तो ताटात वेगळं वाढून घेऊन जेवायला शहरात आल्यावर शिकला. घरमालकांनी डावीकडे लिहिलं, 'एक परात'. उजवीकडे त्याच्या कंपनीतल्या कुणाकडून तरी ऐकून लिहिलं, 'ज्याचा त्याचा डबा, कानात गाणी'. कागद त्याच्या हातात देताना घरमालकांचा चेहरा असा होता, की काकूंना वाटलं पोरगा आजारी आहे. तो गेला. तीन महिन्यांनी त्याचा फोन आला, "अंकल, यहाँ चार लोग मिल गए. एकही परात में खारे. एक तो केरल का है, उसको पहले समझ में ही नहीं आया हाथ कहाँ डालना." घरमालकांनी त्या कागदाची आपल्याकडची नक्कल शोधली, उजवी बाजू खोडली आणि तिथं लिहिलं, 'चार लोक. परात यानं नेली'. हा किस्सा ते प्रत्येकाला सांगायचे, आणि प्रत्येक वेळी आपलं मोजमाप कसं चुकलं हे फार समाधानानं सांगायचे.

स्वतःबद्दल ते कमी बोलायचे. त्यांचे वडील गोदाकाठच्या एका गावात पूजा सांगायचे. घरात कुणी हातानं लोखंड धरलेलं नव्हतं. हे आयटीआयला गेले आणि हात काळे करून घरी आले, तेव्हा वडिलांनी वर्षभर त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. "मग घेतलं?" मी विचारलं. "आजारी पडले तेव्हा घेतलं," ते म्हणाले. "तेव्हा दुसरं कुणी घरात नव्हतं."

दर रविवारी अकरा वाजता काकूंचे धाकटे भाऊ जेवायला यायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. गोल चेहऱ्याचे, हसरे, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. उजव्या हातावर कायम एक पंचा टाकलेला असायचा. मला वाटायचं, घाम पुसायला असेल. मी जिन्यातून जाता-येता बघायचे, रविवारी घरमालक स्वतः चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी उभे राहायचे. ज्वारीची प्रत्येक भाकरी तव्यावरून उतरली की व्हर्नियर लावायचे. जाड असेल तर ती त्यांना नि काकूंना, पातळ असेल तर मामांच्या ताटात. मग मामांशेजारी बसून ते भाकरी मोडायचे, बोटभर रुंद तुकडे करून ताटाच्या कडेला मांडायचे. आमच्याकडे जावयाला मेहुणे वाढतात, पाट देतात, हात धुवायला पाणी देतात. इथं जावईच मेहुण्यापुढं बसलेला. मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बायकोचा धाक असंल." मीही तसंच धरून चालले.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय त्यांचं पूर्ण होत नाही.

मला कारखान्यात लावलं ते बाळूदादानं. बाळूदादा थोरल्या काकांचा मुलगा, मोटरसायकलचा दिवा फोडणारा तोच. मला सख्खा भाऊ नाही. मी राखी त्यालाच बांधते. तो तिथं सहा वर्षांपासून प्रेसवर होता. कुणाला साहेब म्हणायचं, कुणाला नुसतं सर, कॅन्टीनमध्ये कुठल्या टेबलाला बसायचं नाही, हे सगळं त्यानं मला पहिल्या दिवशी सांगितलं. वहिनीनं दिलेल्या ठेच्यातला अर्धा रोज माझ्या डब्याच्या झाकणात काढून ठेवायचा. तो नसता तर मी पहिल्या महिन्यातच लासूरला परत गेले असते.

वर्ष झाल्यावर आमच्या मॅडमनी मला बोलावलं. मशिन तपासणीच्या जागेवर कायम करणार होत्या. "आठवडाभर काम करून बघ आणि सोमवारी सांग," त्या म्हणाल्या. काम असं: रोज सकाळी पाळी सुरू झाली की प्रत्येक प्रेसपाशी जायचं, सगळं ठीक आहे का बघायचं आणि यादीवर खूण करून सही करायची. काही बिघाड किंवा कुणाची चूक दिसली, तर मशिन थांबवायचं आणि चालवणाऱ्याचं नाव लिहायचं.

आमच्या प्रेसला दोन बटणं होती, दोन हात फाकवून दाबावी लागतील इतकी लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा खाली येतो. म्हणजे तो खाली येताना दोन्ही हात बटणांवर असतात, मशिनमध्ये नसतात. एवढी साधी सोय आहे. पण त्यानं वेळ जातो. एक बटण कायमचं दाबून ठेवलं, तर एक हात मोकळा राहतो आणि पत्रा सरकवता येतो.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, बाळूदादाच्या मशिनच्या डाव्या बटणात मला लाकडाचा तुकडा दिसला. बाभळीचा, बोटाएवढा, नीट तासून बसवलेला. आमच्या बांधावरची बाभूळ असणार, असं का कोण जाणे माझ्या मनात आलं.

"दादा, हे काय?"

"काय नाय. तू टिक मार अन् पुढं हो."

"हात जाईल ना."

"सहा वर्सं झाली, गेला का? दोन्ही हातानं दाबत बसलो तर टारगेट तुझा बाप करनार का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू आपली हायस म्हनून तर बरं. दुसरं कुणी आलं असतं तर पंचाईत झाली असती."

मी खूण केली. सही केली. पुढच्या मशिनवर गेले.

त्यानंतरचे दोन दिवसही मी तशीच सही केली. ते कसे काढले ते मला नीट आठवतही नाही. प्रेस खाली आला की जमीन हादरते. एरवी ते कळत नाही, कारण दिवसभर हादरतच असते. आता मी प्रत्येक हादरा मोजायचे. मध्येच एखादं मशिन थांबलं, की मी हातातलं काम टाकून बाळूदादाकडे बघायचे. तो हात हलवायचा. मला तो हात दिसला की बरं वाटायचं आणि लगेच पुढचा हादरा यायचा. त्यानं झाकणात काढलेला ठेचा मी परत घरी आणला. घरमालकांच्या कोष्टकात हे बसत होतं: उरलेलं घरी परत गेलं.

शनिवारी संध्याकाळी मी खाली जाऊन त्यांना सगळं सांगितलं. लाकडाचं सांगितलं तेव्हा त्यांनी व्हर्नियर खिशातून काढून हातात धरला. मग आत गेले आणि मी कारखान्यात लागले तेव्हा भरलेल्या माझ्या कागदाची नक्कल घेऊन आले. डावी बाजू भरलेली होती. शेवटच्या ओळीत आईचे शब्द होते, 'घरच्या माणसासाठी'. उजवीकडची शेवटची ओळ तेवढी कोरी होती. वर्षापूर्वी तिचं उत्तर मला माहीत नव्हतं.

"आता भरा," ते म्हणाले.

मॅडमनी सांगितलेला नियम आठवून मी लिहिलं, 'कुणासाठीच नाही'. लिहून झालं आणि एकदम हायसं वाटलं. जुळत नव्हतं! एवढी मोठी ओळ जुळत नव्हती. म्हणजे माझा दोष नव्हता, ही जागाच माझी नव्हती. सोमवारी मॅडमना 'बघू' न म्हणता सरळ 'नको' म्हणायचं. बदली मागायची, नाहीतर नोकरी सोडून लासूरला जायचं आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये काही काम मिळतं का बघायचं. बाळूदादा आणि मी तसेच राहू. मी हे सगळं त्यांना घडाघडा बोलून दाखवलं.

ते कागदाकडे बघत राहिले. नेहमीसारखा त्यांनी तो उलटा करून माझ्या हातात दिला नाही. "उद्या आमच्याकडे जेवायला या," म्हणाले. "अकरा वाजता."

रविवारी ताटं मांडली, तेव्हा मला मुद्दाम मामांच्या समोर बसवलं. भाकरी मोजून झाल्या, मोडून झाल्या. मामांनी हात धुवायला पंचा काढला, आणि वर्षभर दर रविवारी भेटणाऱ्या माणसाचा उजवा हात मी पहिल्यांदा पाहिला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नव्हती.

माझी नजर मामांनी पकडली आणि ते हसले. "अहो, प्रेसमध्ये गेली. जुनी गोष्ट आहे. बटणात लाकूड घालायचो ना मी."

काकू उठल्या आणि पाणी आणते म्हणून आत गेल्या. पाण्याचा तांब्या भरलेला पुढ्यातच होता.

"भाऊजी तपासणीला होते त्याच कारखान्यात," मामा उत्साहानं सांगत होते. "यांनी दोनदा बघितलं लाकूड. दोनदा! नियम होता, नाव द्यायचं. दिलं नाही. माझं तेव्हा लग्न ठरत होतं ना. म्हणाले, जपून कर. बस्स. सख्ख्या भावानं दिलं असतं नाव, पण यांनी नाही दिलं. मी सगळ्यांना सांगतो, बाई, असा माणूस आता मिळायचा नाही. खरं ना, भाऊजी?"

घरमालक भाकरीचे तुकडे मांडत होते. मांडून झालेले तुकडे त्यांनी उचलले आणि पुन्हा मांडले. "वरण घ्या," ते मामांना म्हणाले.

मी ताटातल्या भाकरीचे नुसते तुकडे करत राहिले. मामा मात्र दोन भाकऱ्या जेवले, तिखटाची तारीफ केली आणि पंचा हातावर टाकून पलंगावर आडवे झाले.

मी वर जायला निघाले, तर घरमालक जिन्याशी उभे होते. हातात एक कागद, दिनदर्शिकेचाच, पण इतका जुना की घडीवर फाटायला आलेला. मधोमध रेघ. अक्षर त्यांचंच, तरुणपणचं, जरा मोठं. मी ओळीमागून ओळ वाचत गेले. मोठ्यांची चूक कोण सांगतं? आमच्यात: कुणी नाही. त्यांच्यात: कुणी नाही. 'नाही' कसं म्हणता? आमच्यात: बघू. त्यांच्यात: बघू. सगळ्या ओळी तशाच. शेवटची: आमच्यात, 'घरच्या माणसासाठी'. त्यांच्यात, 'घरच्या माणसासाठी'.

"मेहुण्याला दवाखान्यातून घरी आणलं, त्या महिन्यात बसून लिहिला हा," ते म्हणाले. "आपलं कुठं चुकलं ते बघायला. मला वाटलं, एखादी ओळ तरी जुळत नसेल. सगळ्या जुळल्या. माझं घर आणि माझी कंपनी अगदी एकसारखी होती हो. मला कधी अवघडलंच नाही."

"मग मी काय करू?" मी विचारलं. मला रडू येत होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. या वेळी ते खरंच माहीत नसल्यासारखं वाटलं.

दुपारभर मी खोलीत बसून होते. मी नोकरी सोडली, तर बाळूदादा आणि मी तसेच राहू, असं मी म्हटलं होतं. पण लाकूडही तसंच राहणार होतं. माझ्या जागी येणारा, बाळूदादाच्या चहाला आणि ठेच्याला बळी पडणारा निघाला तर? आणि नाही निघाला, तरी मी गेले ती माझा जीव सोडवायला. त्याच्या हाताचा त्यात कुठं विचार होता? जुळत नसलेली ती एक ओळ मला सोडून जायला सांगतेय, असं मी धरून चालले होते. ती तसं काही सांगत नव्हती. मी काळजीखोर असले तरी इतकी वर्षं काळजी नेमकी कशाची करायची ते मला कळलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आधी मॅडमकडे गेले. जागा घेते म्हणाले आणि गुरुवारपासूनच्या तीन सह्या खोट्या होत्या, हेही सांगितलं. कायम झाल्यावर माझ्या फाइलला लागलेला पहिला कागद म्हणजे मला दिलेली लेखी ताकीद. मग यादी घेऊन प्रेसवर गेले. लाकूड होतंच.

"दादा, मशिन बंद कर."

"काढतो, काढतो. तू हो पुढं."

मी हात घालून लाकूड काढलं. यादी मशिनवर टेकवली आणि लिहायला लागले.

"काय लिवतीस?" तो जवळ आला. "नाव लिवतीस? माझं?"

"हो."

आजूबाजूची मशिनं थांबली होती. तो मोठ्यानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "राखी बांधतीस अन् नाव लिवतीस. व्वा."

त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला पाठवलं. माझ्या डब्याच्या झाकणात ठेचा यायचा थांबला. कॅन्टीनमध्ये मी ज्या टेबलाला बसायचे तिथली माणसं सरकून बसायची, पण मला जागा करायला नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. "काय करून बसलीस तू हे? थोरल्या घरी आता कोणत्या तोंडानं जाऊ मी? ज्यानं लावलं त्याचंच नाव दिलं? आपल्यात असं कधी झालं नाय." मग आईनं फोन घेतला. म्हणाली, "त्याचे हात धड हायेत ना?"

"आहेत."

"मग जेव तू."

राखीपौर्णिमेला मी गावी गेले. जायचं नाही असं रात्री ठरवलं होतं आणि सकाळी गाडीत बसले होते. थोरल्या काकांनी 'ये' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. बाळूदादा पाटावर बसला, डोक्यावर रुमाल टाकला आणि उजवा हात पुढं केला. माझ्याकडे बघितलं नाही. मी राखी बांधायला घेतली, पण माझं लक्ष गाठीकडे नव्हतंच. पाच बोटं. नखात पॅकिंगच्या खोक्याची धूळ. करंगळीवर लहानपणी विळा लागल्याची खूण. मी इतका वेळ लावला, की वहिनी म्हणाली, "सुटायची नाय, बांधा आता." पेढा त्यानं माझ्या हातून खाल्ला नाही. ताटात ठेवायला खूण केली आणि उठून गोठ्याकडे निघून गेला.

दिवस मावळायच्या आत मी पडेगावला परत आले. व्हरांड्यात घरमालक एकटेच बसले होते. आत मामांचा आवाज येत होता. ते बहिणीकडे राखीला आले होते. खिडकीतून दिसलं, त्यांच्या उजव्या मनगटावर काकूंनी मोठी, लाल गोंड्याची राखी बांधली होती आणि ते ती शेजाऱ्यांच्या लहान पोरीला हात उंच करून दाखवत होते.

"बांधून घेतली?" घरमालकांनी विचारलं.

"घेतली."

"बोलले?"

"एक शब्द नाही."

मला वाटलं, ते काहीतरी समजुतीचं म्हणतील. होईल सगळं नीट, असं. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. खिडकीकडे बघत म्हणाले, "न बोलू द्या. माझा बोलतो."

आतून मामांची हाक आली, "भाऊजी, चला की, तुमच्याशिवाय मी जेवत नसतो, माहीत आहे ना?"

ते उठले, व्हर्नियर खिशात आहे का चाचपून बघितलं आणि पोळी मोडायला आत गेले.